भरपूर म्हणजे किती

सोयाबीन निघायला लागलं की आमच्या रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकांवरची गर्दी दोन-चार दिवस ओसरते. ज्यांना चालता येतं ते सगळे शेतात असतात. गुडघे दुखत असतात, साखर वाढलेली असते, पण कापणीपुढं कुणालाही डॉक्टर आठवत नाही. मग हळूहळू माणसं यायला लागतात. मळणीयंत्राची धूळ छातीत बसून खोकणारी, वाळलेल्या शेंगांनी तळहात फाटलेल्या बाया, डोळ्यात कुसळ गेलेले म्हातारे. त्यांच्या कपड्यांना एक वास असतो, उन्हात तापलेल्या पाचोळ्याचा, थोडा कडवट. नांदेडच्या या रुग्णालयातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात, फिनेलच्या वासावर मात करून तो माझ्यापर्यंत येतो.

यंदा या दिवसांना निवडणुकीचीही जोड आहे. रस्त्यावरून भोंगे लावलेले ऑटो फिरतात. वॉर्डाच्या खिडक्या बंद केल्या तरी उमेदवाराचं नाव आत येतंच. राऊंड संपवून आम्ही डॉक्टर मंडळी कॅन्टीनमध्ये बसतो तेव्हा विषय ठरलेला असतो. कोणता पुढारी काय बरळला, कुणाला कोणतं राज्य कुठं आहे हे माहीत नव्हतं, कुणाला कागदावरचं भाषणही धड वाचता आलं नाही. परवा आमच्यातला एक भूलतज्ज्ञ म्हणाला, "आपल्याला कंपाउंडर व्हायचं तरी परीक्षा आहे. यांनाही प्रवेश परीक्षा ठेवा ना. निगेटिव्ह मार्किंगसकट."

सगळे हसले. मी चहा पीत राहिलो. सहा वर्षांपूर्वी हा विनोद मीच केला असता, आणि याच्यापेक्षा धारदार केला असता.

मंगळवार आणि शुक्रवार हे माझ्या डायलिसिस विभागातल्या ड्यूटीचे दिवस. सकाळी नवाच्या सुमारास मी त्या खोलीत जातो. सहा खाटा, सहा यंत्रं, त्यांचा एकसारखा घरघराट. खिडकीकडच्या खाटेवर मंगल असते. वय पस्तिशीच्या आतबाहेर, शेतकऱ्याच्या घरातली बाई. पहाटेच्या एसटीनं नायगावच्या पलीकडून येते, सोबत नवरा. चार तास यंत्राला जोडलेली असते आणि तेवढ्या वेळात शेजारच्या खाटांवरच्या सगळ्यांची चौकशी करून मोकळी होते. मला बघितलं की उठून बसायचा प्रयत्न करते. गेलं वर्षभर दर खेपेला, नव्या माणसाला माझी ओळख करून देताना ती एकच वाक्य म्हणते.

"ह्याच सायबानं वाचवलं मला. हे नसते तर म्या तवाच गेले असते."

एकदा तिनं पिशवीतून ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. माती धुऊन, फडक्यात बांधून. मी त्या घेतल्या. घरी नेल्या. बायकोनं उकडल्या. मला एकही खाता आली नाही, आणि का खाता आली नाही हे बायकोलाही सांगता आलं नाही.

मी लातूरचा. वडील शाळेत गणित शिकवायचे. आमच्या गल्लीपासून दोन चौक सोडले की शिकवण्यांचा भाग सुरू होतो. तिथं दुपारी चार वाजता उभं राहिलं तर पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलामुलींचा लोंढा अंगावरून जातो. सगळ्या जिल्ह्यांतून आलेली मुलं, खोल्यांमध्ये चौघं-पाच जण दाटीवाटीनं राहणारी, डब्यावर जगणारी. त्या चौकात एक वर्ष माझाही फोटो लागला होता, नावाखाली गुण लिहून. आई संध्याकाळी भाजी आणायच्या निमित्तानं मुद्दाम त्या रस्त्यानं जायची.

त्या शहरानं मला खूप दिलं, हे मी विसरणार नाही. पण बुद्धी म्हणजे काय, याची एक समजूतही त्यानंच माझ्या डोक्यात पक्की बसवली. ज्याला उत्तर येतं तो हुशार. ज्याला लवकर येतं तो जास्त हुशार. ज्याला प्रश्नच विचारावा लागतो तो मागच्या बाकावरचा. माझी स्मरणशक्ती सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होती. एकदा वाचलेलं पान मला वर्षानंतरही आठवायचं, कोणत्या बाजूला आकृती होती तेसुद्धा. हे मी इथं बढाई म्हणून लिहीत नाही. पुढं त्याचा संबंध येणार आहे.

एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करायची असते. मला नायगावच्या पुढचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. गावाचं नाव लिहीत नाही. सहा खोल्यांची बैठी इमारत, समोर कडुनिंब, मागं माझं क्वार्टर. औषधं सांभाळायला दस्तगीरभाई होते. निवृत्तीला आलेले, मितभाषी, पांढरी दाढी, हातात कायम पेन. माझं लक्ष पुढच्या प्रवेश परीक्षेवर होतं. सकाळी रुग्ण उरकायचे आणि दुपारी पुस्तक उघडायचं, असा माझा दिवस.

गावच्या सरपंच गिरजाताई. पंचेचाळिशीच्या, काळ्यासावळ्या, काटक. पद बायकांसाठी राखीव झालं म्हणून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. सही करताना ओठ हलायचे. ग्रामसभेत बोलायला उभ्या राहिल्या की मधेच थांबायच्या, शब्द सापडायचा नाही, लोक गालात हसायचे. मीही हसायचो. त्या आठवड्यातून दोनदा तरी दवाखान्यात यायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. कोण आलं, कोणत्या वस्तीवरून आलं, काय झालं, हे विचारत. मला वाटायचं, बाईला काही काम नाही. दस्तगीरभाईंना मी म्हणालोही होतो, "हे आपले नेते. गावाचा कारभार सोडून बाकावर बसून गप्पा."

दस्तगीरभाई म्हणाले, "साब, सुनतंय ते बाई. नुसतं बोलत न्हाई."

दसरा झाला होता. रान पिवळं पडलं होतं. एका सकाळी रुग्ण संपत आले असताना गिरजाताई आत आल्या. खुर्ची समोर होती तरी उभ्याच राहिल्या.

"डॉक्टरसाब, सापाच्या औषधाच्या बाटल्या किती हायत?"

मी मोबाइलवर काहीतरी वाचत होतो. मला चांगलं आठवतं काय वाचत होतो. कुठल्याशा मंत्र्याच्या भाषणातल्या चुकांची यादी मित्रांच्या गटावर आली होती आणि मी तिच्यात आणखी एक भर घालत होतो.

"भरपूर आहेत," मी मान वर न करता म्हणालो.

"भरपूर म्हंजे किती?"

"ताई, आहेत म्हटलं ना."

त्या गेल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "न्हाई, काय हाय, आता सोयाबीन काढायला बाया उतरतील. मागल्या साली माळाकडल्या शिवारात तिघांना चावला, वढ्याकडं दोघींना. औंदा पाऊस लांबला, गवत लई हाय. एका मानसाला किती बाटल्या लागतेत? दहा लागतेत म्हनत होते मागचे डॉक्टर. मंग एका दिवशी दोघं आले तर?"

आज मी हे वाक्य लिहितो तेव्हा मला दिसतं की त्या बाईनं माझ्यापुढं काय मांडलं होतं. कोणत्या शिवारात धोका आहे, यंदा तो का वाढला आहे, एका रुग्णाला किती औषध लागतं आणि दोन रुग्ण एकदम आले तर काय. मोठ्या शहरांतल्या बैठकांमध्ये हेच पडद्यावर रंगीत चौकोन काढून सांगतात. तिच्याकडं चौकोन नव्हते. तिच्याकडं नावं होती, बाकावर बसून जमवलेली.

त्या दिवशी मला फक्त तिचं अडखळणं ऐकू आलं. मी म्हणालो, "तुम्ही गावाचे दिवे आणि नाल्या बघा. दवाखान्याचं मी बघतो. साठा पुरेसा आहे. लोकांना सांगून टाका, काळजी करू नका म्हणावं."

"सांगू?"

"सांगा."

त्यांनी मान डोलावली आणि गेल्या. दारात दस्तगीरभाई उभे होते. "साब, एक बार मोजून घेऊ का? नोंदीत वीस हायत, पन मी रजेवर होतो तवाचं बघितलेलं न्हाई." मी म्हणालो, उद्या बघू. मला वाचायला बसायचं होतं.

गिरजाताईंनी सांगून टाकलं. ग्रामपंचायतीच्या माइकवरून, बचत गटाच्या बैठकीत, रानात जाऊन. त्या गावात साप चावला की लोक आधी मंत्र घालणाऱ्याकडं जायचे, आणि ज्यांच्याकडं वाहन होतं ते थेट नांदेड गाठायचे. गिरजाताईंनी दोन्ही सोडायला लावलं. "मंतर-बिंतर काय न्हाई. नांदेडलाबी पळू नका, वाटंत टाइम जातो. आपल्या दवाखान्यात आना. डॉक्टरसाबानं सांगितलंय, औषध भरपूर हाय." माझ्या क्वार्टरच्या खिडकीतून हे मी माइकवर ऐकलं. बरं वाटलं मला. माझं नाव घेतलं म्हणून.

बारा-तेरा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, एक जीप दवाखान्यासमोर करकचून थांबली. मागच्या सीटवर मंगल होती. तेव्हा मला तिचं नाव माहीत नव्हतं. सोयाबीन कापताना घोट्याच्या वर घोणस चावली होती. पाय पोटरीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. नवरा म्हणत होता, "जीप नांदेडलाच घालून राहिलो होतो सायेब, पन सरपंचबाईनं सांगितलं होतं, हितं औषध हाय म्हनून वळवली."

दस्तगीरभाईंनी औषधाचं कपाट उघडलं. दोन डबे होते. एकात तीन बाटल्या. दुसरा डबा भरलेला होता आणि त्यावरची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. त्यांनी डबा माझ्यापुढं धरला. मीच तो हातात घेऊन पुन्हा पुन्हा तारीख वाचत होतो, जणू वाचून ती बदलणार होती.

तीन बाटल्या दिल्या. रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या गावात बाळंतिणीला घेऊन गेली होती. जीपमध्येच सलाईन लावून मी मंगलसोबत निघालो. नांदेडला पोहोचेपर्यंत सगळा मिळून दोन-अडीच तासांचा वेळ गेला होता. वाटेत ती शुद्धीवर होती. माझा हात धरून म्हणत होती, "सायेब, पोरगी लहान हाय माझी." त्या हाताची पकड मला अजून आठवते. तो हात धरून मी तिच्यासोबत गेलो, एवढंच तिच्या मनात राहिलं. त्यामुळंच ती मला वाचवणारा समजते.

ती वाचली. पण मूत्रपिंडांना जो मार बसला तो भरून आला नाही. काही वर्षं कशीबशी गेली आणि मग यंत्र आलं. लगेच पूर्ण औषध मिळालं असतं तर मूत्रपिंडं वाचली असती का? प्रामाणिक डॉक्टर म्हणून उत्तर देतो: सांगता येत नाही. कदाचित नसतीही वाचली. या 'कदाचित'च्या आडोशाला मी सहा वर्षं बसून काढली.

इथपर्यंतची चूक आळसाची होती. पुढची तशी नाही.

हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. गिरजाताईंच्या विरुद्धच्या पॅनेलच्या पाठीशी तालुक्यातले एक तरुण नेते होते. इंजिनिअर, परदेशात शिकून आलेले. मराठी शुद्ध, इंग्रजी त्याहून शुद्ध. त्यांच्याशी बोलताना मला कित्येक महिन्यांनी आपल्या जगातला माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं. आदल्या महिन्यात ते दवाखान्यात तासभर बसून गेले होते. आरोग्यव्यवस्थेच्या भवितव्यावर ते फार सुंदर बोलले. औषधाचं कपाट कुठं आहे, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

या वेळी ते आले आणि सरळ मुद्द्यावर आले. "डॉक्टर, त्या मंगलच्या प्रकरणात सरपंचबाई म्हणतात तुम्हीच साठा असल्याचं सांगितलं. म्हणजे त्या स्वतः कुठं बोलत नाहीत, पण माणसं बोलतात. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं का कधी?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. दस्तगीरभाई बाहेर रुग्णांना गोळ्या देत होते. माझी परीक्षा महिन्यावर आली होती. चौकशी लागली असती तर सगळं अडकलं असतं.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

एकदा वाचलेलं पान वर्षानंतर आठवणारा मी.

ते मंद हसले. त्यांना तेवढंच हवं होतं. दोन दिवसांनी दुपारी ग्रामपंचायतीसमोर त्यांची सभा झाली. भोंगा माझ्या क्वार्टरच्या बाजूला तोंड करून बांधलेला होता. "ज्या सरपंचाला औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता येत नाही, तिनं डॉक्टरांना न विचारता तुम्हाला सांगितलं की औषध आहे. अडाणी माणसाच्या हातात गाव दिलं की लेकीबाळींचे जीव जातात." टाळ्या पडल्या. मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. मूत्रपिंडाचाच धडा होता. एक ओळ मी किती वेळा वाचली कुणास ठाऊक.

गिरजाताई हरल्या. मंगलच्या घरच्यांनी त्यांच्या दारात जाऊन शिव्याशाप दिले. बचत गटातल्या बाया त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. हे सगळं मला दस्तगीरभाईंनी एका वाक्यात सांगितलं आणि त्यानंतर कामापलीकडं ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. निकालानंतर आठवड्यानं गिरजाताई पुन्हा येऊन बाकावर बसल्या. आता त्या सरपंच नव्हत्या. मी त्यांच्यासमोरून जाताना त्या म्हणाल्या, "नव्या बाटल्या आल्या का?"

"आल्या. तीस."

"तुमी मोजल्या?"

"मोजल्या."

"बरं झालं," म्हणाल्या आणि एका म्हातारीला रांगेत पुढं सरकवायला उठल्या.

वर्ष भरलं. मला लातूरला एमडीला प्रवेश मिळाला. निरोपाला शाल, नारळ झाला. चौकातला माझा फोटो आईला पुन्हा एकदा बघायला मिळाला.

त्यानंतर कितीदा मी मनातल्या मनात हा खटला चालवला आहे. पुढाऱ्यांच्या बुद्धीवर हसायचा मला काय अधिकार होता? शिक्षण नको असं मी म्हणणार नाही. गिरजाताईंना कपाट उघडायचा हक्क असता आणि डब्यावरची तारीख वाचता आली असती तर त्यांना माझ्यावर विसंबायची गरजच पडली नसती. अज्ञानाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण मी ज्याला बुद्धी म्हणत होतो ती समोरच्यावर छाप पाडायची कला होती. ती त्या तरुण नेत्याकडं होती, माझ्याकडं होती. दुसऱ्याच्या जिवाला कुठून धोका आहे हे आधी ओळखून त्यासाठी चार ठिकाणी अपमान सोसत विचारत फिरायचं, याला आमच्या शिकवणीत गुण नव्हते.

परवाच्या शुक्रवारी कॅन्टीनमधला तो प्रवेश परीक्षेचा विनोद ऐकून मी उठलो आणि डायलिसिसच्या खोलीत गेलो. मंगल नुकतीच यंत्राला जोडली होती. शेजारच्या खाटेवर एक नवे गृहस्थ होते. तिनं सुरुवात केली, "ह्याच सायबानं..."

"थांबा," मी म्हणालो. स्टूल ओढलं, तिच्या जवळ बसलो आणि सगळं सांगितलं. गिरजाताई विचारायला आल्या होत्या ते, मी मान वर केली नव्हती ते, आणि आठवत नाही म्हणालो होतो ते.

ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं मान खिडकीकडं वळवली. यंत्र चालू होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिला हे अशा वेळी सांगितलं होतं जेव्हा तिला उठून जाता येत नव्हतं. आणखी साडेतीन तास ती तिथंच, माझ्या रुग्णालयात, माझ्या यंत्राला बांधलेली होती. बोलून मोकळं व्हायच्या घाईत तेवढाही विचार मला सुचला नाही.

मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "सायेब."

"बोला."

"म्या त्या बाईच्या दारात जाऊन तिच्या लेकरांचं वाईट इच्छिलं होतं." ती माझ्याकडं वळली. "ऐतवारी या तुमी. तिच्या म्होरं सांगा. माझ्या म्होरं सांगून काय उपेग?"

रविवारी मी गेलो. मंगल आणि तिचा नवरा रस्त्यावर माझ्यासाठी थांबले होते, त्यांच्यासोबत गेलो. गिरजाताईंच्या अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलेलं होतं आणि त्या पायानं ते फिरवत होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं. मंगलला बघून मात्र त्यांचा पाय थांबला.

मी उभ्या उभ्याच बोललो. पाठ केल्यासारखं झालं असावं. त्यांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "ठावं हाय मला. दस्तगीरभाईनं त्याच दिशी सांगितलं होतं, डबा जुना निगाला म्हनून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? सभेत, तेव्हा? तुम्ही सांगितलं असतं तर..."

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?" त्यांनी मलाच विचारलं. आता त्या अजिबात अडखळत नव्हत्या. "लोक तापले होते. तुमच्या अंगावर आले असते. तुमी त्याच दिशी पिशवी भरून गेले असते. तुमच्या आदी दोन वर्सं त्या खुर्चीत कोनी नव्हतं. दोन बाया बाळंतपनात गेल्या त्या दोन वर्सांत, एक माझी चुलतजाऊ. म्या इचार केला, सरपंच काय, दुसरा मिळतो. डॉक्टर मिळत न्हाई. तुमी ह्यातनं शिकाल, चार सालं ऱ्हाल, गावाला उपेगी पडाल."



"वर्स भरलं आन तुमी गेलातच," त्या म्हणाल्या. रागानं नाही, पाऊस कमी झाला असं सांगावं तसं. "तुमच्या मागं अडीच वर्सं कोनी आलं न्हाई. तिथं माझा अंदाज चुकला."

मंगल त्यांच्या पायाशी बसून रडायला लागली. गिरजाताईंनी तिला दंडाला धरून उठवलं. "ऊठ, ऊठ. पानी किती प्यायचं हाय तुला दिसातनं? मोजूनच ना? मंग ते रडन्यात घालवू नको, आत चल." दोघी आत गेल्या. दारातून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मंगलच्या मुलीच्या शाळेचं काहीतरी होतं.

मी बाहेर त्या ताडपत्रीजवळ थांबलो. मग दारातून म्हणालो, "ताई, मी गावात सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगा की," आतून आवाज आला. "मला कशाला इचारता?"

ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर आठ-दहा माणसं बसली होती. निवडणुकीचंच बोलणं चाललं होतं. मी ओळख सांगितली तेव्हा बऱ्याच जणांना मी आठवलो नाही. एका म्हाताऱ्या माणसानं कपाळाला आठ्या घालून आठवलं. मी सांगायला सुरुवात केली. चूक माझी होती, मी औषध मोजलं नाही, ताईंनी विचारलं होतं, मी खोटं बोललो. शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लई मोठं मन हाय सायेब तुमचं," तो म्हणाला. "येवढ्या वर्सांनी आले आन त्या बाईची चूक सोताच्या अंगावर घेऊन राहिले. शिकलेला मानूस तो शिकलेला मानूस." आणि बाकीच्यांकडं वळून, "आन ती सरपंच! तिला काय कळत होतं?"

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणायला गेलं.

"नाही बाबा," मी म्हणालो, "तसं नाही," आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.